पाकिटामागच्या लिंबू-फजच्या पाककृतीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पाकिटावरील चुकीची पाककृती, पुढच्या बाजूला छापलेलं नाव आणि ग्राहक सेवेकडून मिळालेलं उत्तर

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचं २०० ग्रॅमचं ‘व्हाइट चॉकलेट’ मी विकत घेतलं, ते मागच्या बाजूची ‘सोपं, कधीही न बिघडणारं लिंबू-फज’ ही मऊ वड्यांची पाककृती वाचून. मुदत संपलेली नव्हती, वेष्टन शाबूत होतं. पाककृतीत जे लिहिलंय ते लिहिलेल्या क्रमाने केलं. तरीही फज झालं नाही. आणि आता या पाककृतीने ते कोणाचंही होणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

आपली पाककृती सांगते, चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर ३ मिनिटं वितळवा, त्यात लगेच २ मोठे चमचे लिंबाचा रस घाला, ढवळा आणि मग कन्डेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा ओता. रस पडताक्षणी काय झालं ते सांगते, कारण पाककृती छापणाऱ्याने ते पाहिलेलं दिसत नाही. चकचकीत, ओघळणारं चॉकलेट चमच्याभोवती गोळा होऊन बसलं. रवाळ, चिवट गोळा, आणि भांड्याच्या कडेने पिवळसर तेलाची रेघ. त्यावर कन्डेन्स्ड मिल्क ओतल्यावर गोळा थोडा सैल झाला, पण गुठळ्या शेवटपर्यंत विरघळल्या नाहीत. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी सुरी घातली तर वडी उचलली जाईना, सुरीमागून सगळं ओघळत आलं आणि खालचा बटर पेपर तेलाने पारदर्शक झालेला.

याबद्दल मी आपल्या ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं की, ‘वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा एक थेंबही लागता कामा नये, आपल्या भांड्यात ओलावा राहिला असावा.’ पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे कण स्निग्धांशात मोकळे तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा होतो. फक्त लिंबाचा रस म्हणजे जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं, एवढं आपल्या लोकांच्या लक्षात आलं नाही. एका हाताने थेंबही नको म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने दोन चमचे ओतायला सांगायचं, वर खापर माझ्या भांड्यावर फोडायचं! भांडं कोरडं होतं.

प्रमाणाचंही तेच. न शिजवता करायच्या फजमध्ये वडी धरते ती चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे. तो गार झाला की घट्ट होतो आणि बाकीच्या ऐवजाला धरून ठेवतो. ४०० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्कला व्हाइट चॉकलेट निदान ५०० ते ६०० ग्रॅम लागतं. आपण सांगता २०० ग्रॅम. यातून फार तर गोड सॉस होईल. रसातल्या आम्लाने कन्डेन्स्ड मिल्क दाटतं हे खरं, पण ते पुडिंगसारखं दाटतं, वड्या पाडण्याइतकं नाही. एका पाकिटात एक डबा असा सुटसुटीत हिशोब जाहिरातीला शोभतो, खरं आहे.

तीन मिनिटं पूर्ण शक्ती हीदेखील व्हाइट चॉकलेटला शिक्षाच आहे. दूध आणि साखर भरपूर असल्यामुळे ते साधारण ४५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की बिघडायला लागतं. वीस-तीस सेकंदांनी काढून ढवळायचं, पुन्हा ठेवायचं, हे घरी चॉकलेट वितळवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. आपल्या पाकिटाला नाही.

आता नावाकडे येते. पुढच्या बाजूला बोटभर अक्षरांत ‘व्हाइट चॉकलेट’. मागे घटक पाहावेत तर साखर, हायड्रोजनेटेड पाम कर्नल तेल, दूध पावडर, इमल्सिफायर आणि कृत्रिम व्हॅनिला स्वाद. कोको बटरचा पत्ताच नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार, म्हणजे कोडेक्सनुसार, व्हाइट चॉकलेटमध्ये निदान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ हवेत. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरतं. आपला तुकडा नुसता खाऊन पाहिला तर टाळूला मेणासारखा थर बसतो. कोको बटरऐवजी असं दुसरं तेल घातलेलं ‘कंपाउंड’ विकायला माझी हरकत नाही, सजावटीला ते उत्तमच असतं. पण मग पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘कंपाउंड’ लिहा.

फज बिघडलं म्हणून मी केवळ चरफडत बसलेले नाही. खरं कोको बटर असलेलं चॉकलेट आणून केलं, आणि ते जमलं. आपल्याला उपयोग होईल म्हणून लिहिते. बारीक चिरलेलं चॉकलेट, कन्डेन्स्ड मिल्क, थोडं लोणी आणि चिमूटभर मीठ सुरुवातीपासून एकत्र, मंद उकळत्या पाण्यावरच्या वाडग्यात; वाडग्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. गोळा होतो तो थोडक्या पाण्याने; कन्डेन्स्ड मिल्कमधला द्रव आधीपासून पुरेसा असल्यामुळे ती भीती राहत नाही. शेवटचे दोन-चार तुकडे विरघळायचे असतानाच आचेवरून उतरवायचं, उरलेलं काम भांड्याची ऊब करते. मग लिंबाची आणि संत्र्याची किसलेली साल. लिंबाचा वास सालीतल्या तेलात असतो, रसात मुख्यतः आंबटपणा. फळं धुऊन पूर्ण पुसायची आणि वरचा रंगीत थर तेवढाच किसायचा. पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. आंबटपणा हवाच असेल तर दोन चिमटी सायट्रिक ॲसिड पुरतं. फ्रीजमध्ये तीन-चार तास, मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने वड्या. कडा सरळ पडल्या आणि किसलेली साल प्रत्येक वडीत पिवळी-केशरी दिसत होती. ही पाककृती छापायला पाकिटावर आहे तेवढीच जागा लागेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. पाकिटाची आणि वाया गेलेल्या कन्डेन्स्ड मिल्कची किंमत परत मिळावी. सध्याची पाककृती पुढच्या छपाईपासून काढावी आणि नवी छापण्याआधी कोणीतरी ती आपल्याच मालाने घरगुती मायक्रोवेव्हमध्ये करून पाहावी. पुढच्या बाजूचं नाव घटकांशी जुळेल असं बदलावं. आणि ‘भांड्यात ओलावा राहिला असावा’ हे ठरावीक उत्तर लिंबाचा रस घालणाऱ्या ग्राहकांना पाठवणं थांबवावं.

कृपया कूपन पाठवू नये. त्याच मालाचं दुसरं पाकीट मला नको आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते न आल्यास ही सगळी कागदपत्रं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे आणि बॅच क्रमांकाचे फोटो, बिघडलेल्या फजचा फोटो, ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत