भंगारातही जायला नकार देणारी 'वॉरस्पाइट'

महोदय,

युद्धनौकांचा विषय निघाला की जर्मन 'बिस्मार्क'चंच नाव पुढे येतं. ब्रिटिशांची 'वॉरस्पाइट' कुणाला आठवतही नाही. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जटलंडच्या सागरी लढाईत तिचं सुकाणू अडकलं आणि जर्मन तोफांच्या माऱ्यात ती गोल गोल फिरत राहिली, तरी बुडाली नाही. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४० मध्ये, इटलीच्या कॅलाब्रियाजवळ तिच्या १५ इंची तोफेने सुमारे २४ किलोमीटरवरच्या इटालियन युद्धनौका 'जुलिओ चेझारे'ला अचूक टिपलं. १९४३ साली इटलीतल्याच सालेर्नोजवळ जर्मन रेडिओ-नियंत्रित बॉम्ब तिच्या तळापर्यंत आरपार गेला. तरी पुढच्या जूनमध्ये, आठपैकी सहाच तोफा चालू असताना, बाई फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईला हजर! १९४७ साली भंगारात नेताना वादळात दोर तुटले आणि ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांवर जाऊन बसली. शेवटी त्याच किनाऱ्यावर तिचे तुकडे करावे लागले.

– एक वाचक, पुणे