नव्या एडिशनमध्ये क्लास, रेस आणि मॉन्स्टर कमजोर केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा आणि गेम डिझाइन विभाग

विषय: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्र बनून खेळायच्या खेळाच्या २०२४ च्या नियमांबद्दल तक्रार आणि काही मागण्या

नमस्कार,

मी ठाण्यातून लिहितेय. आमचा छोटा ग्रुप आहे, दोघं नेरूळहून ट्रान्सहार्बरने येतात, एकजण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कसाबसा पोचतो, आणि रविवारी नौपाड्यात माझ्या घरी हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही खेळतो. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) आहे त्यामुळे पुस्तकं माझ्याच पैशांनी येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेयर्स हँडबुक आलं, नोव्हेंबरमध्ये डीएमचं गाइड, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल, तिन्ही घेतली. तिकडची छापील किंमत प्रत्येकी ४९.९९ डॉलर, म्हणजे आमच्यासाठी ही काही किरकोळ खरेदी नाही, आणि म्हणूनच नीट वाचून, खेळून बघून मगच हे पत्र लिहितेय.

तक्रार अशी आहे की ज्या एका गोष्टीसाठी लोक एखादा क्लास (पात्राचा पेशा) घेतात, एखादी रेस (पात्राची जमात) घेतात, किंवा एखाद्या मॉन्स्टरला घाबरतात, बऱ्याच ठिकाणी तुम्ही नेमकी तीच कापलीय.

पॅलाडिन, म्हणजे दैवी शक्तीने लढणारा योद्धा, बघा. जुन्या, म्हणजे २०१४ च्या, नियमात वार लागला की स्पेल स्लॉट (जादूचा मोजका कोटा) खर्च करून डिव्हाइन स्माइट, म्हणजे वारावर जादा दैवी डॅमेज, लावता यायचा, वेगळी ॲक्शन लागायची नाही, दोन वार लागले तर दोन्हींवर लावा, स्लॉट तुमचे, निर्णय तुमचा. आता स्माइट हा स्पेल केलाय आणि त्याला बोनस ॲक्शन लागते, ती एका टर्नमध्ये एकच मिळते, म्हणजे स्माइटही एकदाच. वर तो बोलून टाकायचा स्पेल आहे त्यामुळे आवाज बंद करणाऱ्या सायलेन्स स्पेलमध्ये चालत नाही, आणि समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून तो अडवू शकतो. माझा मावसभाऊ पॅलाडिन खेळतो. पहिला वार लागला, त्याने स्माइट लावला, दुसऱ्या वाराला वीस पडला, क्रिट! सगळे ओरडले, आणि मग मलाच सांगावं लागलं की बाबा तुझी बोनस ॲक्शन संपली, आता नुसता तलवारीचा डॅमेज मोज. पाचव्या लेव्हलला दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट लावला असता तर ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे) मिळाले असते, क्रिट म्हणून ते दुप्पट झाले असते. पॅलाडिन खेळणारा माणूस याच एका क्षणाची वाट बघत सेशनभर बसलेला असतो हो. तुम्ही ले ऑन हँड्सपण (हात ठेवून बरं करणं) बोनस ॲक्शन केलंत, कागदावर ती सुधारणा वाटते, पण आता मित्राला उठवायचं का स्माइट मारायचा यातलं एकच करता येतं. आणि विझार्डचा फायरबॉल? तो ८डी६ होता, आजही ८डी६ आहे. एका टर्नमध्ये जास्त डॅमेज होतो हेच खटकत होतं तर मग कात्री फक्त पॅलाडिनलाच का?

रेंजरचं, म्हणजे रानावनातल्या शिकाऱ्याचं, तर मला खरंच वाईट वाटतं, कारण बिचाऱ्याची दहा वर्षं सगळे थट्टा करत होते आणि नव्या पुस्तकात न्याय मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही त्याचा अख्खा क्लास हंटर्स मार्कवर, म्हणजे एका शत्रूवर खूण करून त्याला प्रत्येक वारात जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलवर, उभा केलात. तेराव्या, सतराव्या आणि विसाव्या लेव्हलची फीचर्स सगळी त्याच मार्कची, आणि मार्कला कॉन्सन्ट्रेशन (असा एका वेळी एकच स्पेल चालू ठेवता येतो) तसंच ठेवलंय, म्हणजे रेंजरने दुसरा कुठला कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकला की वरची ही सगळी फीचर्स बंद. विसाव्या लेव्हलला काय मिळतं, तर मार्कचा डी६ जाऊन डी१०. सरासरी काढली तर प्रत्येक वाराला दोन डॅमेज जास्त. त्याच लेव्हलला बार्बेरियनची स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन चार-चारने वाढते. एवढी वर्षं कॅम्पेन खेळून शेवटी दोन डॅमेज हातात द्यायचे म्हणजे अन्यायच आहे.

मून ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेऊन लढणारा, दुसऱ्या लेव्हलला जास्तच भारी होता हे मान्य. अस्वल झालं की अस्वलाचे ३४ हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) वेगळे मिळायचे, ते संपले की परत माणूस, आणि हे रेस्टच्या आधी दोनदा. कमी करायला हवंच होतं. पण आता तिसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप) घेतला की स्वतःचेच हिट पॉइंट्स राहतात आणि वर फक्त ९ टेम्पररी. नेरूळच्या मैत्रिणीने ड्रुइड घेतला होता तो पुढे उभं राहून सगळ्यांचा मार खायला, तिला आता ते जमत नाही, ती मागे उभी राहून स्पेल टाकते, मग अस्वल व्हायचंच कशाला.

मंक मात्र तुम्ही सुंदर केलाय हे सांगितलंच पाहिजे. म्हणजे मनात आणलं तर तुम्हाला जमतं.

रेसबद्दल. नव्या हँडबुकमध्ये दहा रेस आहेत, त्यात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क या मिश्र वंशाच्या रेस नाहीत. जुन्या पुस्तकातून घ्या म्हणता, पण जो मुलगा आज पहिल्यांदा खेळायला बसला त्याच्याकडे २०१४ चं पुस्तक कुठून येणार? ऑर्क आणलात ते चांगलं, पण हाफ-ऑर्कचा क्रिटवर एक जास्तीचा डाइस मिळायचा तो त्याला दिला नाहीत, आणि मोठी कुऱ्हाड घेतलेल्या बार्बेरियनची सगळी मजा त्या एका डी१२ मध्ये होती. एल्फची तलवार-धनुष्याची ट्रेनिंग गेली, माउंटन ड्वार्फचं आर्मर गेलं. ताकद, बुद्धी वगैरे गुणांची वाढ रेसमधून काढून बॅकग्राउंडला (पात्राच्या पूर्वायुष्याला) दिलीत, ठीक, पण मग देवळात वाढलेला बार्बेरियन करायचा तर ॲकोलाइट या देवळातल्या बॅकग्राउंडला इंटेलिजन्स, विस्डम आणि करिश्माच वाढवता येतात, स्ट्रेंग्थ नाही. स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची सोय आहे, पण ती डीएमच्या पुस्तकात, म्हणजे प्लेयरने नुसतं आपलं पुस्तक उघडलं तर त्याला ती दिसणारच नाही.

मॉन्स्टर सरसकट कमजोर झालेत असं मी म्हणणार नाही. राक्षस नावाच्या मॉन्स्टरचे हिट पॉइंट्स जवळपास दुप्पट केलेत, आणि आपल्याकडच्या पोरांना राक्षस म्हटल्यावर जसा तगडा हवा तसा तो झालाय. पण वेअरवुल्फ! जुन्या नियमात त्याला साध्या शस्त्राने ओरखडासुद्धा यायचा नाही, चांदी लावलेलं शस्त्र नाहीतर जादू हवी. शंभर गोल्ड देऊन एका शस्त्राला चांदी लावून घ्यायची, आणि तेवढे पैसे नसायचे. मग गावात फिरा, सरपंचाच्या घरचं चांदीचं ताट मागा, लोहाराच्या हातापाया पडा, कुणाच्या शस्त्राला चांदी लावायची यावर अर्धा तास भांडा. आमचं आख्खं सेशन त्यात गेलं होतं आणि ते आजही सगळ्यांना आठवतं. नव्या मॅन्युअलमध्ये ती इम्युनिटीच नाही. काठीने मारला तरी मरतो. आकडे वाढवून किंवा चावा जोरदार करून ही भरपाई होत नाही, कारण आधी भीती ही होती की आपल्या हातात जे आहे त्याचा उपयोग नाही. आणि ऑर्कचा स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरची ताकद आणि हल्ले सांगणारा तक्ता) पूर्ण काढलात. शत्रूकडे झेपावत धावून येणारा तो जुना ऑर्क नव्या डीएमला माहीतच होणार नाही, तो साध्या माणसाचा स्टॅट ब्लॉक घेऊन त्यालाच ऑर्क म्हणणार.

ठाण्यात मिसळ खायला गेलं की तिखट देऊ का मध्यम ते विचारतात, सरसकट सगळ्यांची तर्री कमी करत नाहीत. तुम्हीही तसंच विचारा एवढंच मागणं आहे. स्माइट बोनस ॲक्शनशिवाय वापरायचा पर्यायी नियम अधिकृतपणे द्या, हवं तर एका टर्नमध्ये दोनची मर्यादा घाला. रेंजरच्या मार्कचं कॉन्सन्ट्रेशन निदान वरच्या लेव्हलला काढा. हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क नव्या नियमांत बसवून मोफत पीडीएफ द्या. वेअरवुल्फची चांदी आणि ऑर्कचा स्टॅट ब्लॉक परत आणा. घरच्या घरी नियम बदलता येतात हे मला माहितीये, आम्ही बदललेतही, पण दुसऱ्या टेबलवर गेलं की ते कोणी मानत नाही, आणि डिजिटल शीटवर (पात्राच्या ऑनलाइन नोंदपत्रकावर) तर हे बदल सरळ बसतच नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये डिजिटल शीटवरचे जुने स्पेल आणि मॅजिक आयटम काढून त्या जागी नवे टाकायचं तुम्ही जाहीर केलं होतं, लोकांनी विरोध केला आणि काही दिवसांतच तुम्ही तो निर्णय मागे घेतलात. म्हणजे तुम्ही ऐकता, म्हणून हे लिहिलं. पैसे परत नकोत, पुस्तकं मी ठेवणार आहे. वरच्या मागण्यांपैकी काय करणार आणि काय नाही, आणि नाही तर का, एवढं लेखी कळवा, कारण आमचं पुढचं कॅम्पेन कुठल्या नियमांनी सुरू करायचं ते त्यावर ठरणार आहे.

आपली,
एक डीएम
नौपाडा, ठाणे (पश्चिम)