विषय : व्हॉइसमेल कन्व्हर्ट झाले, तारखा गायब झाल्या, आणि तुमचा सपोर्ट म्हणतो घरमालकाला परत फोन करायला सांगा

हे पत्र मॅनेजमेंटसाठी आहे, प्लीज सपोर्टकडे फॉरवर्ड करू नका, त्यांच्याशी आत्ताच बोलून झालंय. इथे न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलाय. तुमचं पुण्याचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि वेबसाइटवर मात्र ‘अमेरिकन ग्राहकांसाठी खास सपोर्ट’ असं लिहिलंय. खास आहे खरंच. सकाळी सातला उठून कामावर जायचं असलेल्या माणसासाठी तर फारच खास.

तुमचं ॲप काय करतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आयफोनच्या बॅकअपमधून व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही की समोरचा ठेवतो ते आवाजी निरोप, काढायचे, कॉम्प्युटरवर सेव्ह करायचे, एमपीथ्री किंवा वेव्ह करून द्यायचे. चाळीस डॉलर. मी ते हौस म्हणून घेतलेलं नाही. एडिसनमधलं भाड्याचं घर आम्ही सोडलं, घरमालकाकडे २,४०० डॉलर डिपॉझिट होतं, आणि चाव्या दिल्यानंतर त्याने स्वतःच्या तोंडाने व्हॉइसमेलवर सांगितलंय की घर बघितलं, सगळं व्यवस्थित आहे, शुक्रवारी चेक पाठवतो. मग पुढच्या व्हॉइसमेलमध्ये पुढचा शुक्रवार. मग त्याच्याही पुढचा. आणि शेवटी पत्र आलं की चाव्या घेतल्या त्याच दिवशी कार्पेट खराब झालेलं आढळलं, सबब डिपॉझिट मिळणार नाही. इथला कायदा असा आहे की लीज संपल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट व्याजासकट परत करायचं, काही कापलं असेल तर त्याचा हिशोब द्यायचा, आणि नाहक अडवून ठेवलं तर कोर्ट दुप्पट द्यायला लावू शकतं. दुप्पट म्हणजे ४,८००, आणि स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,०००, म्हणजे वकील न करता स्वतः जाऊन उभं राहता येतं. माझ्याकडे पुरावा एकच, त्याचा आवाज. पण तो आवाज चाव्या दिल्यानंतरचा आहे हे दाखवता आलं तरच उपयोग, नाहीतर तो म्हणेल हे मी आधी कधीतरी बोललो होतो, तेव्हा घर चांगलंच होतं. तारीख हीच केस आहे. हे मी तुमच्या सपोर्टला किती वेळा सांगितलं ते मोजायचं सोडून दिलंय.

मधल्या काळात आम्ही कॅरियर, म्हणजे फोन कंपनी, बदलला, फॅमिली प्लॅन स्वस्त पडत होता, आणि नवीन सिम टाकल्यावर जुने व्हॉइसमेल फोनवर दिसेनासे झाले. तुमच्या साइटवरच्या मदतीच्या पानावर लिहिलंय तसं फोनमध्ये शेअरचं बटण दाबून एकेक मेसेज एमफोरए ऑडिओ फाइल म्हणून सेव्ह करता येतो, पण तो फोनवर दिसत असेल तर ना. नशिबाने मॅकवर सिम बदलायच्या आधीचा बॅकअप होता. त्यात सगळे व्हॉइसमेल आहेत. तुमची जाहिरात म्हणते ‘बॅकअपमधून एका क्लिकमध्ये’. केला क्लिक.

बाहेर काय आलं? व्हॉइसमेल-१, व्हॉइसमेल-२, व्हॉइसमेल-३ अशा नावाच्या एमपीथ्री. कोणी केलाय नंबर नाही. कधी आलाय तारीख नाही. फाइलवर तारीख कुठली, तर मी कन्व्हर्ट केलं त्या दिवसाची, सगळ्यांवर तीच, एका मिनिटाच्या आत. म्हणजे तुमच्या फाइल्स घेऊन मी जज्जसमोर गेले तर कागदोपत्री असं दिसेल की घरमालकाने परवा संध्याकाळी एका मिनिटात मला सगळे फोन करून टाकले. वर क्रमसुद्धा उलटासुलटा. त्यात माझ्या दातांच्या अपॉइंटमेंटचं रिमाइंडर आणि आईचा एक मेसेजही आला मधेच, ज्यात ती मशीनलाच विचारतेय की तुम्ही कोण बोलताय, शुभदाला फोन द्या. तो कधीचा आहे ते मला आठवतंय, बाकीच्यांचं जज्जला आठवणार नाही.

आणि ते ‘एन्हान्स’, म्हणजे तुमचं ‘स्टुडिओ क्वालिटी’! ते आधीपासूनच टिक केलेलं असतं हो तुमच्याकडे, विचारत पण नाही. माझ्या बॅकअपमधल्या फाइल्स एएमआर आहेत. एएमआर म्हणजे मोबाइलवर बोलण्यासाठी केलेला कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायची पद्धत, १९९९ मध्ये मोबाइलची स्टँडर्ड ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने स्टँडर्ड म्हणून घेतला, सेकंदाला ८,००० सॅम्पल, जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके हजार बिट. ८,००० सॅम्पल म्हणजे त्याच्या निम्म्या, ४,००० हर्ट्झच्या, वरचा आवाज त्यात असूच शकत नाही. तुम्ही ते ३२० केबीपीएसची एमपीथ्री करता आणि त्याला स्टुडिओ म्हणता. मिनिटाभराचा मेसेज मूळचा शंभर केबीच्या आत होता, तुमच्याकडून आला तेव्हा अडीच एमबीच्या आसपास. वाढलं काय, तर वजन. पाणी घालून दूध वाढवल्यासारखं, फक्त तुम्ही त्याला प्रीमियम म्हणून विकता. बरं, वाढवलं तर वाढवलं, पण त्या ‘एन्हान्स’ने मधले पॉजही कापलेत. घरमालक बोलताना “तुझा चेक...” म्हणून थांबतो, मागे कागद चाळल्याचा आवाज येतो, मग “हो, शुक्रवारी” म्हणतो. मूळ फाइलमध्ये ते स्पष्ट आहे. तुमच्या फाइलमध्ये “तुझा चेक हो शुक्रवारी” असं एका दमात येतं. समोरच्याने विचारलं की ही रेकॉर्डिंग एडिट केलीय का, तर मी काय सांगू? हो केलीय, पुण्याच्या कंपनीने, न विचारता?

आता मुख्य मुद्दा, आणि हा तुमच्या प्रॉडक्टवाल्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तारीख बॅकअपमध्ये असते. एएमआर फाइलमध्ये नसते, मान्य, पण त्याच फोल्डरमध्ये व्हॉइसमेल डॉट डीबी नावाचा डेटाबेस असतो, त्यात प्रत्येक मेसेजची एक ओळ. ओळीत क्रमांक, आणि तोच क्रमांक एएमआर फाइलचं नाव. पुढे पाठवणाऱ्याचा नंबर, मेसेज किती सेकंदांचा, डिलीट केला असेल तर कधी, आणि तारीख. तारीख सरळ लिहिलेली नसते, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात, दहा आकडी नंबर दिसतो. तो बदलून घ्यायचा की झालं. मी डेंटिस्टच्या ऑफिसमध्ये बिलिंग करते, प्रोग्रॅमर नाही. असले एसक्यूलाइट डेटाबेस उघडून दाखवणारा, फुकट मिळणारा डीबी ब्राउझर घेतला, बॅकअपची कॉपी केली, त्यातली ती डेटाबेसची फाइल शोधली (नावं सगळी चाळीस अक्षरांची गचाळ असतात, मॅनिफेस्ट डॉट डीबी या बॅकअपच्याच यादीत बघून कुठली कुठली ते कळतं), उघडली, आणि घरमालकाचा नंबर आणि तारखा समोर. चाव्या दिल्यानंतरच्या. सगळ्या. म्हणजे तुमच्या ॲपने मेसेज कुठे आहेत ते शोधायला हाच डेटाबेस वाचलाय, वाचून क्रमांक घेतला, आणि बाजूच्या रकान्यातली तारीख फेकून दिली. मुद्दाम असेल तर सांगा, कारण तुमच्या किमतींच्या पानावर ‘प्रो’ नावाचं साठ डॉलरचं काहीतरी मला दिसलंय.

आता आजचा फोन. हा मी सविस्तरच लिहिणार आहे कारण तुमच्याकडे ‘क्वालिटीसाठी रेकॉर्ड होतोय’ असं सांगतात पण ऐकत कोणी नसावं.

मुलगा गोड बोलणारा. “मॅडम, फाइल प्ले होतेय का?” म्हटलं होतेय. “आवाज येतोय?” येतोय. “मग इश्यू काय आहे मॅडम?” म्हटलं तारीख नाहीये. “मॅडम, तारीख ऑडिओमध्ये ऐकू नाही येणार.” मी शांतपणे, म्हणजे तोपर्यंत शांतच होते, सांगितलं की ऐकायची नाहीये, फाइलवर हवीये, डेटाबेसमध्ये आहे, तुमचं ॲप ती घेत नाही. होल्ड. पेटी-तबल्याची ती एकच ओळ फिरून फिरून. परत आला. “सीनियरशी बोललो मॅडम, तुम्ही एकदा फ्रेश बॅकअप घ्या आणि परत ट्राय करा.” फ्रेश बॅकअप! त्याच फोनचा, त्याच मॅकवर, ज्या फोनवर आता ते मेसेज नाहीतच. नवीन बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, जुना बाजूला ठेवायचा तर मॅकच्या फाइंडरमध्ये आधी अर्काइव्ह करावा लागतो, नाहीतर माझा एकुलता एक पुरावा तुमच्या सल्ल्याने पुसला गेला असता. हे त्याला समजावलं तर म्हणतो, “मॅडम, एकदा करून तर बघा.” मी नाही म्हटलं. मग थोडा थांबला आणि म्हणाला, “घरात कोणी टेक्निकल आहे का? मिस्टर असतील तर त्यांना द्या ना फोन.”

मिस्टर झोपले होते. मिस्टर टीव्हीचा इनपुट बदलायलासुद्धा मलाच हाक मारतात. पण ते सोडा. मी दिवसभर इन्शुरन्स कंपन्यांशी फोनवर भांडते, क्लेम का नाकारला ते त्यांच्याच कोडवरून त्यांना वाचून दाखवते, आणि त्या डेटाबेसमधल्या रकान्यांची नावं याच फोनवर मी त्याला वाचून दाखवली होती. त्यावर हे. मी म्हटलं, मला तुमच्या सीनियरशी बोलायचंय. सीनियर ‘डेस्कवर नाहीत’, ज्यांच्याशी आत्ताच बोलणं झालं ते. आणि मग, मॅनेजमेंट, नीट वाचा, मॅडमची ताई झाली. “ताई, मग तुम्ही असं करा ना, त्या घरमालकांनाच फोन करा आणि सांगा की तोच मेसेज परत एकदा ठेवा, म्हणजे नवीन तारखेने येईल.”

मला दोन मिनिटं कळेना हसावं का काय करावं. मी त्याला विचारलं, म्हणजे ज्याने माझे पैसे दाबलेत त्याला मी सांगू की बाबा, तू कबुली दिली होतीस ती परत दे, या वेळी जरा तारीख नीट येऊ दे? तर म्हणतो, “हो, रिक्वेस्ट करून बघा.” आणि लगेच, “आणखी काही मदत करू शकतो का ताई?” फोन ठेवायच्या आत ईमेल आला, टिकेट रिझॉल्व्ड.

त्या मुलाला ओरडू नका, त्याला कोणी शिकवलेलंच नाहीये. भारतात व्हॉइसमेल वापरतं कोण? नाही उचलला तर मिस्ड कॉल, नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट. त्याने आयुष्यात एक व्हॉइसमेल ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण तुम्ही विकताय ना? अमेरिकेत डॉक्टर, वकील, शाळा, घरमालक, सगळे अजूनही व्हॉइसमेल ठेवतात, आणि लोक ते जपून ठेवायला बघतात ते बहुतेक वेळा कोण कधी काय बोललं हे दाखवायलाच. आवाज ऐकायचा असता तर व्हीएलसी प्लेअर फुकट आहे, एएमआर वाजवतं. कन्व्हर्टच करायचं तर एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे, एका ओळीच्या कमांडमध्ये वेव्ह करून देतं, पॉज न कापता. शेवटी मी तेच केलं. तारखांचा तक्ता डेटाबेसमधून हाताने काढला, मूळ एएमआर तशाच्या तशा ठेवल्या, आणि बरोबर वेव्ह कॉपी. मग तुमचे चाळीस डॉलर कशाचे, ते एकदा सांगाच. तारीख फेकायचे?

पुण्याची कंपनी म्हणून घेतलं होतं मी. इथल्या दोन अमेरिकन ॲप्सपेक्षा तुमचं निवडलं, आपली माणसं आहेत, मराठीत बोलता येईल म्हणून. मराठीत बोलता आलं हे खरं.

तर आता. पूर्ण रिफंड, त्याच क्रेडिट कार्डवर. ‘पुढच्या खरेदीवर तीस टक्के’ वालं कूपन काल आलंय, ते नकोय, ज्याने पाठवलं त्याला ठेवू द्या. या आठवड्यात पैसे आले नाहीत तर कार्डवाल्यांकडे लेखी डिस्प्यूट टाकतेय, त्याला स्टेटमेंटनंतर ६० दिवस असतात आणि माझे अजून बरेच शिल्लक आहेत, कागद लावून क्लेम कसा करायचा ते मला रोजच्या कामामुळे चांगलं येतं. ॲपमध्ये तारीख आणि नंबर फाइलच्या नावात टाका, साठ डॉलरवाल्यात नाही, याच्यात. ‘एन्हान्स’ आधीपासून टिक केलेलं असतं ते काढा. आणि ‘फ्रेश बॅकअप घ्या’ हे वाक्य तुमच्या सपोर्टच्या कागदावरून आजच्या आज खोडा, माझा वाचला, पुढच्या कोणाचा तरी जाईल, आणि त्याच्याकडे कदाचित गेलेल्या माणसाचा आवाज असेल.

टिकेट परत उघडा. रिझॉल्व्ड झालेलं नाहीये. ‘तुमचा आजचा अनुभव कसा होता’ विचारणारे ईमेल दर फोननंतर येतात तेही बंद करा, आजच्याला मी एक स्टार दिलाय कारण तुमच्या फॉर्ममध्ये शून्याची सोयच नाही.

शुभदा
(ऑर्डर नंबर याच ईमेलच्या खाली तुमच्या पावतीत आहे, तोही परत विचारू नका)