रेडिएटरात पाणी भरा, पण कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात उन्हाळ्यात गाडी कशी सांभाळावी यावर एक चौकट आली होती. टायरची हवा, फॅन बेल्ट वगैरे सगळं बरोबर होतं. पण त्यात एक वाक्य होतं, 'रोज सकाळी रेडिएटरमधील पाणी पाहावे, कमी असल्यास भरावे.' ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. कुठलं पाणी भरायचं, साहेब?

मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादली वाळली की कडेला पांढरी रेघ उमटते. पिण्यापुरतं शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं. ते माणसांना पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, ट्रकला कोण देतं? ट्रकला बोअरचंच. माझी सहाचाकी 2004 सालची आहे आणि मीही तिला वर्षानुवर्षं तेच पाजलं.

मागच्या मे महिन्यात परतवाड्याहून सिमेंट घेऊन धारणीला निघालो. बिहाली सुटलं, घाट लागला, आणि घटांगच्या अलीकडे काटा तांबड्यात गेला. गाडी बाजूला घेतली. क्लीनर नवा पोरगा, तो फडकं घेऊन थेट झाकणाला भिडला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत वेगळ्या रंगाची दिसते, ती अशाच एका झाकणाची कृपा. त्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तो दाबाचा. दाबाखाली पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, अन् झाकण सैल केलं की सगळं एकदम तोंडावर येतं. तासभर सावलीत बसलो, मग झाकण उघडलं, पाणी भरलं, आणि कसंबसं परत परतवाडा गाठलं.

तिथल्या रेडिएटरवाल्यानं झाळ तापवून वरची टाकी वेगळी केली आणि मला म्हणाला, "भाऊ, डोकावून पाहा." निम्म्या नळ्यांची तोंडं बुजलेली. त्यानं एका नळीत पातळ सळई घातली तर खडूसारखा पांढरा भुगा तळहातावर पडला. "हे रेडिएटर नाही राजेहो, चुनाभट्टी आहे. पाणी कायचं टाकता तुम्ही?"

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कारण दोनच वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका गॅरेजात मी पैसे मोजून 'कूलंट बदलून' घेतलं होतं (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते द्रव्य). त्यांनी रेडिएटरचा खालचा कॉक सोडला, धार थांबली की बंद केला. इंजिनच्या ब्लॉकला वेगळा निचऱ्याचा प्लग असतो, त्याला पान्हा लागलाच नाही. जुनं गढूळ पाणी इंजिनातच राहिलं. वरून लिटरभर हिरवं कूलंट आणि बाकी नळी लावून बोअरचं पाणी. रंग हिरवा दिसला, मी खूश.

आमच्याकडे जुने ड्रायव्हर म्हणतात, कूलंट हे बर्फाच्या मुलखातलं लाड आहे, वऱ्हाडात काय गरज? अर्धं खरं आहे. पाणी गोठण्याची भीती आपल्याला नाही. पण अर्धं कूलंट आणि अर्धं शुद्ध पाणी असं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, आणि त्यातली द्रव्यं आतला लोखंड-पितळ-ॲल्युमिनियम गंजू देत नाहीत. खारं पाणी मात्र दोन्हीकडून मारतं. तापल्यावर त्यातले क्षार नळ्यांना थर देऊन बसतात, तो थर उष्णता बाहेर सोडत नाही. आणि मीठ धातूला खातं ते वेगळंच. उलट नुसतं कूलंट ओतणं हाही शहाणपणा नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कूलंट धरत नाही.

या वेळी काम मी स्वतः, अंगणात केलं. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. कॉक आणि ब्लॉकचा प्लग दोन्ही उघडले, खाली घमेली लावली. आलं ते पाणी बदामी चहासारखं, तळाला गाळ. मग नळाचं गोडं पाणी भरून, वरचा होजपाइप हाताला चांगला गरम लागेपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे पाणी सगळीकडे फिरतं. पुन्हा थंड, पुन्हा निचरा. चौथ्या खेपेला पाणी नितळ आलं. शेवटची खेप बॅटरीच्या पाण्यानं केली. (डिस्टिल्ड पाणी म्हणतो मी, ॲसिड नव्हे. दुकानात नीट सांगून घ्या.)

इथं एक मेख आहे. कितीही निचरलं तरी इंजिनात काही लिटर पाणी अडून राहतं. वरून तयार अर्धं-अर्धं मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. म्हणून माझ्या गाडीत एकूण 20 लिटर मावत असतील तर 10 लिटर घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आधी, आणि मग भरेल तेवढं शुद्ध पाणी. हळूहळू ओतायचं, नाहीतर लाइनीत हवा धरते आणि नवं कूलंट असूनही गाडी गरम होते. रंग पाहून भर घालू नये. हिरवं, लाल, नारिंगी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं घालतात. दोन जातींची भेसळ झाली तर कधी कधी आत चिकट गाळ होतो. डब्यावर काय लिहिलंय ते आणि गाडीचं पुस्तक वाचावं.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं, तर बोलूच नका. 'उन्हाळा आहे, काढून फेका,' हा आमच्या पट्ट्यातला आवडता इलाज. माझाही काढलेला निघाला. तो नसला की कित्येक इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते, काही पाणी रेडिएटरात न जाताच फिरत बसतं. नवा आणला आणि बसवण्याआधी घरच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. बायको म्हणाली, "आता काय लोखंडाची भाजी करता?" पाणी उकळण्याच्या बरंच आधी त्याचं तोंड उघडलं, थंड झाल्यावर मिटलं. मगच बसवला.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोडसर लागतं आणि विषारी आहे. जनावरं चाटतात, मूत्रपिंडं निकामी होतात, थोडंसंही जिवावर बेततं. आणि आमच्याकडे गॅरेजच्या दारातच नालीत सोडतात. त्या नालीवर बकऱ्या येतात, कुत्री येतात, पोरं खेळतात. माझ्याकडे निघालेलं पाणी मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून शेडला कुलूप लावून ठेवलं आहे. ते कुठं द्यायचं म्हणून एका कार्यालयात विचारायला गेलो तर समोरच्या साहेबांनी विचारलं, "पाणीच ना? ओतून द्या की."

आपल्या बातमीदारानं अमरावती-अकोल्यात योग्य ठिकाणी चौकशी करून तो पत्ता पुढच्या चौकटीत छापावा, ही विनंती. तोवर कॅन माझ्या शेडमध्येच आहेत.

आपला वाचक,
एक जुना ट्रकमालक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती