साहेब, तो नाला नाही, ओढा आहे

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात सहकारनगरात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक मातकट रेघ आहे. दोनदा रंग दिला, पहिल्या पावसात पुन्हा वर आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा तिथवर चढला होता. पानशेत धरण फुटल्याच्या, १९६१ च्या आठवणी सांगणारी आमची म्हातारी माणसं कायम मुठा नदीला भ्यायची. पाणी आलं ते मागच्या दारानं. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर-जिल्हा मिळून वीसहून अधिक.

कागदोपत्री या ओढ्याला नाला म्हणतात. एकदा नाला म्हटलं की सांडपाणी सोडायला कुणाचा हात अडखळत नाही.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून त्याचं पाणी शहरातल्या हौदांत खेळवलं, पर्वतीखाली तळं केलं. आजची सारसबाग त्याच तळ्याच्या जागी. ओढा त्यांनीही वळवला, म्हणजे ढवळाढवळ जुनीच. पण पाण्याला थांबायला जागा तरी होती.

आता उपाय म्हणून काठानं उंच रिटेनिंग वॉल, म्हणजे संरक्षक भिंत. तिनं आमची सोसायटी वाचेलही, पण पसरायला जागा नसलेलं पाणी वेग धरून खाली दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरेल. आमचं संकट त्यांच्या उंबऱ्यावर ढकलायचं, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीआधी उंबर आणि निर्गुडीच्या मुळांनी काठ धरून ठेवला होता. आता खंड्या केबलवर येऊन बसतो, खाली बघतो आणि निघून जातो. एका पुलापाशी जेमतेम वीस पावलं कच्चा काठ कंत्राटदाराच्या नजरेतून सुटलाय. तिथं अजून धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात, पोरं खेकडे धरतात. वास येतो, नाही कशाला म्हणू!

मुठेला निळी नि लाल पूररेषा आहे, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढतं त्याची नकाशावरची खूण. तशी ओढ्यांनाही आखा, आणि बांधकामाचं अंतर भिंतीपासून नाही, त्या रेषेपासून मोजा. काठालगतचे मोकळे भूखंड पाणी पसरायला राखून ठेवा. बाग करायची तर करा, फक्त फरशी घालू नका.

सोसायटीनं यंदा पुन्हा रंगकाम काढलंय. रेघेचा तेवढा पट्टा सोडा, असं मी रंगाऱ्याला सांगून ठेवलंय. आपली माणसं मोजायला येईपर्यंत.

आपला,
आंबिल ओढ्याकाठचा एक रहिवासी