सगळा काळा दगड एकच नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दख्खनच्या काळ्या दगडावरचा लेख वाचला, सह्याद्रीचं वर्णन झकास आहे पण 'इथून तिथून सगळा एकच बेसाल्ट' हे वाक्य काही पचलं नाही म्हणून लिहितोय. मी कॉलेजात जिऑलॉजी शिकवायचो, रिटायर झालो तरी चुका काढायची खोड जात नाही.

आपले घाट, किल्ले, लेणी बहुतेक थोलेइटिक (सिलिका त्यामानाने जास्त, सोडियम-पोटॅशियम कमी) बेसाल्टमधली, हे मान्य. पण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच ज्वालामुखीच्या धामधुमीत कडेकडेला वेगळा माल पण वर आला. कच्छमधला धिणोधर डोंगर घ्या, तो आहे अल्कली दगडाचा. सिलिका कमी, त्यामानाने सोडियम-पोटॅशियम जास्त, त्यामुळे क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, व्हायला सिलिका उरतच नाही, ऑलिव्हिन हे हिरवट खनिज मात्र भरपूर. आपल्याकडे मुंबईत मनोरीला ट्रॅकाइट नावाचा फिकट ज्वालामुखी दगड आहे, तोही अल्कली बाजूचाच.

हा फरक का पडतो? आमसुलं वाटीभर पाण्यात भिजवा, पाणी दाट लाल होतं, तेवढीच पातेलंभर पाण्यात टाका, फिकं होतं. दगडाचंही तसंच. मॅन्टलचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, दगड थोडासाच वितळला की लॅन्थॅनम, निओबियमसारखी मूलद्रव्यं त्या थोड्याशा रसात गोळा होतात, तो अल्कली. जास्त वितळला की तीच मूलद्रव्यं पातळ होतात, तो थोलेइट. आणि वितळण्याची जागा साधारण 80 किलोमीटरच्या खाली असेल तर तिथे गार्नेट नावाचं खनिज असतं, ते यटर्बियम हे मूलद्रव्य धरून ठेवतं, सोडत नाही, म्हणून लॅन्थॅनम आणि यटर्बियमचं गुणोत्तर बघून खोलीचा अंदाज बांधता येतो. एवढ्याशा खड्यात एवढं लिहिलेलं असतं हो!

कच्छच्या या बेसाल्टमध्ये मॅन्टलचे हिरवट तुकडे जसेच्या तसे अडकलेले मिळतात, लर्झोलाइट म्हणतात त्याला. लाव्हा रमतगमत वर आला असता तर ते जड तुकडे वाटेतच खाली बसले असते, म्हणजे तो सुसाट आला. आणि कच्छ लांब वाटत असेल तर मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर लॅम्प्रोफायर नावाच्या अल्कली जातीच्या दगडाच्या डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या भिंती) आहेत, त्यातही मॅन्टलचे आणि खालच्या कवचाचे तुकडे सापडलेत, पण पर्यटक किल्ल्याचे फोटो काढून निघून जातात.

अजून एक, लेखात नुसत्या सोडियम-पोटॅशियमच्या आकड्यावरून दगडाची जात ठरवलीय. इतक्या जुन्या दगडात हे धोक्याचं, ही दोन्ही पाण्याबरोबर येतात-जातात. आमच्या एका बॅचच्या पोरांनी पोकळ्यांमधला पांढरा झिओलाइट (पाण्यामुळे मागाहून भरलेलं, सोडियम वगैरे असलेलं खनिज) न काढता सँपल दळलं आणि साधा थोलेइट अल्कली निघाला, पोरं पेढे वाटायच्या बेतात होती! मग निओबियम, इट्रियम, झिर्कोनियम, टायटॅनियम बघितलं, ही सहसा जागची हलत नाहीत, आणि दगड मुकाट्याने थोलेइटात परत गेला.

तर पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापाच, आणि जमलं तर फोटोग्राफरला ओहोटीची वेळ बघून मुरुडला पाठवा, हातोडी न देता.

आपला,
एक निवृत्त मास्तर, अलिबाग