आधी शिक्षक द्या, मग विद्यार्थी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी प्रवेशाच्या याद्या लागून संपल्या की दरवर्षी 'कला शाखेच्या जागा रिकाम्या', 'पारंपरिक अभ्यासक्रमांकडे विद्यार्थ्यांची पाठ' अशा बातम्या छापून येतात. मार्च महिन्यात मुंबई विद्यापीठाचा तुटीचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो, त्याची बातमी वेगळ्या पानावर असते. या दोन्ही बातम्या एकत्र वाचायला हव्यात, म्हणून हे पत्र.

मी मुंबई शहरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. प्रवेशाची खिडकी, शिष्यवृत्तीचे अर्ज, कार्यभाराचे तक्ते, पगारबिले हे सगळे माझ्या हाताखालून गेले आहे. 'विद्यार्थी कमी झाले म्हणून पदे कमी झाली' असे जे सांगितले जाते, त्याचा क्रम उलटा आहे. मी पाहिलेल्या विभागांत शिक्षक आधी गेले, विद्यार्थी मागाहून गेले.

अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाचा पगार सरकार देते आणि त्याचे पद टिकते ते कार्यभारावर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन. विषयाला मुले किती, वर्ग किती, यावरून तासिका निघतात आणि तासिकांवरून पदे ठरतात. आता एखाद्या विभागात दोन प्राध्यापक आहेत आणि त्यातले एक निवृत्त झाले, असे धरा. पद लगेच भरले जात नाही. आधी कार्यभाराची तपासणी, मग आरक्षणाची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याचा तक्ता) तपासून घेणे, मग खात्याचे ना हरकत, जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी, मुलाखती, मान्यता. एका टेबलावर त्रुटी निघाली की फाइल परत पहिल्या टेबलावर. हे वर्षानुवर्षे चालते. त्यात २०१७ मध्ये राज्य सरकारने पदभरतीच थांबवली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रिक्त पदांपैकी फक्त ४० टक्के भरायची मुभा मिळाली. मग करोना आला, भरती पुन्हा थांबली आणि २०२१ मध्ये अख्ख्या राज्यासाठी २,०८८ पदांना मान्यता मिळाली. तोवर आणखी किती जण निवृत्त झाले असतील, त्याचा अंदाज कुणीही करावा.

मधल्या काळात विषय शिकवतो तो तासिका तत्त्वावरचा शिक्षक. या मुलामुलींबद्दल मला फार वाईट वाटते. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, काही पीएचडी झालेली. सकाळी आमच्याकडे दोन तासिका घ्यायच्या, दादरला गाडी बदलायची आणि दुपारी कल्याणपलीकडच्या दुसऱ्या महाविद्यालयात उभे राहायचे. घेतलेल्या तासिकेचेच पैसे. मे महिन्यात काही नाही, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही. तासिका ४८ मिनिटांची आणि दर ६० मिनिटांचा, म्हणून बिल करताना मिनिटांचे तास करावे लागत. ती बिले मीच करत असे. मंजुरी येऊन पैसे हातात पडायला कधी कधी पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडे. अशा शिक्षकाला कुठे चार पैसे बरे मिळाले तर तो जातो, आणि त्याने जावेच. मागे राहतो तो वर्ग.

एकदा करी रोडच्या चाळीतली एक मुलगी प्रवेशाच्या खिडकीवर आली. बारावीला मराठी माध्यमातून चांगले गुण होते, अर्ज स्वच्छ अक्षरात भरलेला. विषयांच्या रकान्यात मात्र तिने काही लिहिले नव्हते. मला म्हणाली, "मॅडम, इतिहासाला कायमचे सर आहेत का? माझ्या ताईच्या वर्गाला दिवाळीपर्यंत कुणीच नव्हतं." मी खरे ते सांगितले, की पद रिक्त आहे, तासिकेवर कुणीतरी येईल. तिने अर्ज पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आईबरोबर गेली. त्या वर्षीच्या तक्त्यात इतिहासाच्या रकान्यात एक आकडा कमी लागला. असे आकडे कमी होत गेले की कार्यभार घटतो, आणि मग रिक्त पदाच्या प्रस्तावावर 'पुरेसा कार्यभार नाही' असा शेरा येतो. गाईचा चारा तोडायचा आणि दूध आटले म्हणून तिला बाजार दाखवायचा, तसा हा कारभार आहे.

मुलांना हे विषयच नकोत, असे म्हणणाऱ्यांनी दादर स्टेशनबाहेर एक फेरी मारावी. स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या पाट्या वाचाव्यात. तिथे काय शिकवतात? इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. म्हणजे आमच्या कला शाखेचेच विषय, हजारो रुपये भरून. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता मुलांना पानभर उत्तर लिहिता यायला हवे आणि ते तपासून चुका दाखवणारा माणूस समोर हवा. हे काम हजाराच्या आत शिकवणी शुल्क घेणारे अनुदानित महाविद्यालय करू शकते. माणूस मात्र नेमलेला पाहिजे.

मराठीच्या बाबतीत तर मला राहवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मनापासून आनंद झाला. त्या दर्जाचा पहिला उपयोग मुंबईतल्या महाविद्यालयांमधली मराठीची रिक्त पदे भरण्यासाठी झाला पाहिजे. पालिकेच्या मराठी शाळांतली मुले कमी होत आहेत, हे मला माहीत आहे. ज्या शिक्षकांनी ती मुले टिकवायची, ते तयार होतात पदवीच्या याच वर्गांत.

आता विद्यापीठाच्या पैशांविषयी. राज्य सरकार प्रामुख्याने मंजूर पदांच्या पगाराचा भार उचलते. बाकीच्या खर्चाचा मोठा भाग परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क अशा गोष्टींवर चालतो. म्हणजे विद्यार्थी कमी झाला की विद्यापीठाची मिळकत थेट कमी होते. त्यात मोठी महाविद्यालये एकेक करून बाजूला झाली. सेंट झेवियर्स २०१० मध्ये स्वायत्त झाले, पुढे रुईया, मिठीबाई वगैरे. पदवी विद्यापीठाची असली तरी परीक्षा ही महाविद्यालये स्वतः घेतात. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था ही सरकारी महाविद्यालये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली, २०२० मध्ये के. सी. आणि एच. आर. एचएसएनसी विद्यापीठात. स्वायत्ततेला माझा विरोध नाही, त्यांनी चांगले काम करावे. १८५७ च्या या विद्यापीठाकडे मात्र पार सिंधुदुर्गापर्यंतची, लहान, कमी शुल्काची शेकडो महाविद्यालये उरतात आणि सगळ्यांच्या परीक्षांचा बोजा उरतो. २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा घाट घातला आणि उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. त्यावरून कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या वर्षी बाहेर प्रवेश घ्यायचे ज्यांचे हुकले, त्यांच्या घरातली धाकटी भावंडे पुन्हा या विद्यापीठाकडे सहज वळतील, अशी अपेक्षा कशी करायची?

स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदानाशिवाय फक्त फीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांनी भरपाई होईल, असे वाटले होते. काही वर्षे झालीही. पण २०२४-२५ पासून बीएमएससारखे (व्यवस्थापनाची पदवी) अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले, त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि कित्येक महाविद्यालयांना नाव बदलून 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' अशी वाट काढावी लागली. त्या वर्षी पालकांचा जो गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला.

मुले शहरात राहिलीच कुठे, हाही प्रश्न रास्त आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, आमच्या लालबाग-परळची मुले बदलापूर, विरार, टिटवाळ्याला गेली. माझा मुलगाही बदलापूरला राहतो. अनुदानित पदे मात्र जुन्या हद्दीत अडकून पडली आणि नव्या वस्त्यांत उभी राहिली ती मुख्यतः विनाअनुदानित महाविद्यालये, जिथे बी.ए.सुद्धा परवडत नाही. इथल्या एखाद्या विषयाला खरोखरच मुले नसतील, तर ते पद रद्द का करायचे? कल्याण किंवा वसईला हलवावे. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना जमावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आज गाडीत लटकून कामाला जाणाऱ्या मुलांसाठी बदलापूरला सकाळी सहाचे अनुदानित वर्ग का नसावेत?

शिष्यवृत्तीचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्टलवर अर्ज वेळेत भरला, कागद वेळेत चढवले, तरी पैसे येतात दोन हप्त्यांत आणि दुसरा हप्ता बऱ्याचदा मूल पास होऊन गेल्यावर. तोवर महाविद्यालयाच्या खात्यात तूट आणि मुलाच्या डोक्यावर 'फी बाकी'चा शिक्का. निकाल लागल्यावर दाखला मागायला आलेल्या पोराला ही बाकी सांगताना माझी जीभ अडखळायची, कारण चूक त्याची नसायची.

मोठ्या घोषणा नकोत. दोन कामे ताबडतोब होण्यासारखी आहेत. प्रत्येक प्राध्यापकाची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असते, म्हणजे तो कधी निवृत्त होणार हे तो रुजू झाल्या दिवसापासून ठाऊक असते. मग पद भरण्याची फाइल निवृत्तीच्या आधी वर्षभर का हलत नाही? दुसरे, पद रिक्त राहिलेल्या काळातली घटलेली पटसंख्या त्या पदाविरुद्ध धरू नये. पूर्णवेळ शिक्षक नेमल्यावर पाच वर्षे वाट पाहावी आणि मग कार्यभार मोजावा.

विद्यापीठाच्या अधिसभेतल्या पदवीधर आणि शिक्षक सदस्यांना माझी विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी एक तक्ता मागावा: संलग्न अनुदानित महाविद्यालयांत कोणत्या विषयाचे पद कोणत्या तारखेला रिक्त झाले, आणि त्या विषयाची प्रवेशसंख्या त्याआधीची पाच वर्षे आणि नंतरची पाच वर्षे किती होती. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात, कार्यभाराच्या फायलींमध्ये वर्षवार लावलेली असते. मागितली तर आमचे लिपिक आठवडाभरात काढून देतील.

आपली,
एक निवृत्त मुख्य लिपिक
लालबाग, मुंबई